रिकाम्या चौकटीत काय लिहावे?

विज्ञान शिकवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाचे परीक्षण करायचे म्हटले की आपण त्यातली चलचित्रे पाहतो, मजकूर वाचतो, चुका शोधतो. या लेखात आम्ही उलट बाजूने पाहणार आहोत. जिथे चलचित्र दिसायला हवे तिथे ते दिसलेच नाही, तर त्या जागी विद्यार्थ्याच्या हाती काय पडते?

गेली पंचवीस वर्षे याचे उत्तर बहुधा एकच होते: एक करडी चौकट आणि तिच्यात एक वाक्य, की हा भाग पाहण्यासाठी अमुक प्लेअर बसवा. खाली त्या कंपनीचे बोधचिन्ह. शिक्षणाच्या संकेतस्थळांवर याहून आळशी वाक्य आमच्या पाहण्यात नाही. हे म्हणणे कठोर वाटेल, म्हणून आधी चौकट रिकामी का राहते ते पाहू.

ब्राउझर म्हणजे संगणकावर संकेतस्थळांची पाने दाखवणारी आज्ञावली. सुरुवातीला तिला मजकूर, दुवे आणि साधी चित्रे एवढेच कळत असे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पानांत हलती चित्रे, आवाज, खेळ घालण्याची हौस आली. हे सारे ब्राउझरला शिकवत बसण्यापेक्षा एक सोपी वाट काढली गेली. वस्तू ओळखीची नसेल तर ब्राउझरने पानातली एक आयताकृती जागा दुसऱ्या आज्ञावलीच्या ताब्यात द्यायची. ही दुसरी आज्ञावली म्हणजे प्लग-इन. प्रत्येक धारिकेसोबत तिच्या प्रकाराचे नाव येते. फ्लॅशच्या धारिकेचे नाव ‘अ‍ॅप्लिकेशन/एक्स-शॉकवेव्ह-फ्लॅश’ असे लांबलचक होते. ब्राउझर आपल्या यादीत पाहतो, या नावाला कोणी वाली आहे का? असला तर जागा त्याची. नसला तर?

या ‘नसला तर’चा विचार करणाऱ्यांनी तो चांगला केला होता. पाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेची चौथी आवृत्ती डिसेंबर १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ‘ऑब्जेक्ट’ नावाची खूण आहे. नियम असा की ब्राउझरला बाहेरची वस्तू दाखवता आली तर ती दाखवावी, नाही तर त्या खुणेच्या पोटात जे लिहिले असेल ते दाखवावे. पोटात आणखी एक ऑब्जेक्ट असू शकतो, त्याच्या पोटात तिसरा. बाहेर फिरवून पाहता येणारा गोल, तो जमला नाही तर चित्रफीत, तीही नाही तर स्थिर चित्र, आणि अगदी आत साधा मजकूर. आपल्याकडे विहिरीवर मोटार बसवली तरी रहाट लगेच कोणी मोडीत काढत नाही, तसेच हे.

या नियमाच्या दस्तऐवजात उदाहरण दिले आहे ते पृथ्वीचे. पत्ता मात्र मंगळावरच्या एका काल्पनिक संगणकाचा आहे. प्रमाणके लिहिणाऱ्यांनाही कधी कधी गंमत सुचते. पण हे उदाहरण आम्हांला पुरेसे वाटत नाही. सगळ्यात आतल्या पायरीवर फक्त ही अवकाशातून दिसणारी पृथ्वी आहे, अशा अर्थाचे शब्द आहेत. हा मथळा झाला. चित्र दिसले नाही अशा मुलाला त्यातून पृथ्वीबद्दल काय कळले? पृथ्वीचा निळा-पांढरा रंग, ढगांचे पट्टे, अर्धा भाग अंधारात असणे, यांपैकी काहीच नाही. चित्राचे नाव सांगणे आणि चित्राचे काम करणे यांतला फरक पहिल्या उदाहरणातच निसटला आणि पुढे सर्वांनी तेच गिरवले.

त्यापुढे तर घसरणच झाली. फ्लॅश १९९६ मध्ये मॅक्रोमीडिया कंपनीकडे आले, २००५ मध्ये ती कंपनीच अ‍ॅडोबने घेतली. या काळात फ्लॅशची धारिका पानात बसवण्यासाठी तयार साचे मिळू लागले. साच्यात पर्यायी मजकुराची जागा होती, आणि त्या जागेत आधीच भरून ठेवलेले होते ‘प्लेअर येथून घ्या’ हे बोधचिन्ह. ते काढून आपला मजकूर लिहायचा असतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले. म्हणजे ज्या जागेत धडा असायला हवा होता, तिथे जाहिरात बसली.

अ‍ॅडोबने २०१७ च्या जुलैमध्ये जाहीर केले की २०२० अखेर फ्लॅश बंद होईल. तसे ते झाले. १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने स्वतःच धारिका चालवणे थांबवले. जावा या भाषेतल्या छोट्या आज्ञावल्यांचे दिवस त्याआधीच भरले होते. क्रोम ब्राउझरने जुन्या पद्धतीच्या प्लग-इनना २०१५ मध्येच दार बंद केले होते. त्यानंतर ‘प्लेअर येथून घ्या’ हे वाक्य नुसते आळशी राहिले नाही, खोटे झाले. घ्यायला तिथे काही उरलेच नाही.

आता देहूरोडकडे येऊ. छावणी, दारूगोळ्याचे कोठार, जुना मुंबई-पुणे रस्ता आणि लोकलचे स्टेशन यांच्या आजूबाजूला वसलेले हे गाव. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत जाणारी, देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली कुटुंबे इथे राहतात. आमच्या परिचयाच्या एक शिक्षिका इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि बाईंनी मुलांना फोनवर दुवे पाठवायला सुरुवात केली. शाळेच्या संगणकावर वर्षानुवर्षे दाखवलेली, चांगली चाललेली पाने होती ती. मुलांचे उत्तर आले, “बाई, नुसती चौकट दिसते.”

यात नवल काहीच नव्हते. आयफोनवर फ्लॅश कधीच चालले नाही, आणि अँड्रॉइडवरचे फ्लॅशही २०१२ मध्ये मागे घेतले गेले. घरी संगणक नसलेल्या, वडिलांच्या फोनवर शिकणाऱ्या मुलासाठी फ्लॅश २०२० मध्ये बंद पडले नाही. ते त्याच्याकडे कधी आलेच नव्हते. पान तयार करणारे ज्याला अपवाद समजत होते, तो इथे जवळजवळ अख्खा वर्ग होता. प्लग-इन नसलेला पाहुणा म्हणजे मागासलेला, लवकरच सुधारेल असा कोणीतरी, ही समजूत त्या वाक्यामागे आहे. आमची मुख्य तक्रार आहे ती या समजुतीबद्दल.

याच बाईंकडे शाळेने पूर्वी घेतलेल्या काही सीडी आहेत. त्यांतले फ्लॅशचे धडे मात्र संगणकावर आजही चालतात. कारण सोपे आहे. सीडीवर धडा आणि तो चालवणारा प्लेअर एकाच धारिकेत बांधून दिलेले होते, ब्राउझरच्या यादीची गरजच नव्हती. जुनी सीडी चालते आणि नवे संकेतस्थळ चालत नाही, हे पाहून मुलांना मोठी मौज वाटली. अर्थात ती सीडीही फोनवर घालता येत नाही.

मराठी वाचकाला ही रिकामी चौकट खरे तर फार पूर्वीपासून ओळखीची आहे, फक्त तेव्हा ती रिकामी नसे. कचऱ्याने भरलेली असे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मराठी वृत्तपत्रे, मासिके संगणकाच्या जाळ्यावर येऊ लागली. देवनागरी अक्षरांसाठी जो तो आपापला फाँट वापरी. या फाँटांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे, काने, मात्रा, अर्धी अक्षरे बसवलेली असत. तो फाँट तुमच्या संगणकावर असला तर बातमी दिसे. नसला तर ब्राउझर आपला नेहमीचा रोमन फाँट लावी आणि पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरे व चिन्हांची रांग उमटे. फाँट पानासोबत पाठवण्याची सोय १९९७ मध्ये आली, पण नेटस्केपची पद्धत वेगळी आणि इंटरनेट एक्स्प्लोररची वेगळी. दोन्ही सांभाळाव्या लागत. ज्याला हे जमले नाही त्याच्यासाठी ‘फाँट उतरवून घ्या’ अशी सूचना असे, तीही बहुधा इंग्रजीत.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने इथे थोडे थांबावे, कारण खरे दुखणे इथे स्पष्ट दिसते. त्या पानावर जो मजकूर साठवला होता तो मुळात मराठी नव्हताच. ते रोमन क्रमांक होते आणि त्यांना मराठीचे रूप फाँटमुळे येत होते. आधार काढला की खाली अर्थ उरत नव्हता. युनिकोडने हे उलट केले. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. तिच्यात ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, तो कोणत्याही फाँटवर अवलंबून नाही. विंडोज २००० मध्ये देवनागरीची जोडाक्षरे नीट मांडण्याची सोय झाली आणि सोबत प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा फाँट आला. आज एखाद्या पानाला सुंदर फाँट हवा असतो, तो आला नाही तर फोन आपल्याकडचा साधा फाँट लावतो. अक्षर थोडे कमी देखणे दिसते, पण वाचता येते. पर्याय असा असावा लागतो.

फ्लॅशमधल्या मराठी धड्यांना मात्र दोन्हीकडून मार बसला. २००८ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीपूर्वी फ्लॅश प्लेअरला देवनागरीची जोडाक्षरे नीट मांडता येत नसत. म्हणून जुन्या फाँटांत मजकूर टाइप करायचा किंवा अक्षरांची चित्रेच करून टाकायची, असे चाले. आता ‘रफल’ नावाची मुक्त आज्ञावली जुन्या फ्लॅश धारिका ब्राउझरमध्ये प्लग-इनशिवाय चालवते आणि इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने नोव्हेंबर २०२० पासून तिच्या साहाय्याने अशा धारिका जपायला सुरुवात केली. हे मोलाचे काम आहे. तरीही तिच्यातून जागे झालेल्या मराठी धड्यातला मजकूर शोधता येत नाही, उतरवून घेता येत नाही, अंध विद्यार्थ्याच्या संगणकाला तो वाचून दाखवता येत नाही. दिसतात ती अक्षरांची चित्रे.

मग चांगले कोणाचे? दूर जायला नको. पुण्याच्या अरविंद गुप्तांचे खेळण्यांचे संकेतस्थळ पाहा. चित्रफिती आहेतच, पण खेळण्याच्या पानावर कृती टप्प्याटप्प्याच्या छायाचित्रांनी आणि दोन-चार सोप्या वाक्यांनी दाखवलेली असते. चित्रफीत उघडली नाही तरी मूल आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी घेऊन बसू शकते. पानांची मांडणी जुनाट आहे अशी टीका आम्ही ऐकली आहे. आम्हांला तो जुनाटपणा फायद्याचा वाटतो.

कोलोरॅडो विद्यापीठातला ‘फेट’ प्रकल्प २००२ मध्ये नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी सुरू केला. त्याची अनेक सादृश्ये मराठीतही आहेत. तीही आधी जावा आणि फ्लॅशमध्ये होती. मग त्यांनी एकेक सादृश्य नव्या एचटीएमएलमध्ये पुन्हा लिहून काढले. एकच धारिका उतरवून घेतली की जाळ्याशिवायही ते चालते. काही सादृश्यांना, उदाहरणार्थ ओहमच्या नियमाला, त्यांनी शब्दांतले वर्णन जोडले आहे: व्होल्टता वाढवली की काय होते ते आवाजाने सांगणारे. ते केले अंध विद्यार्थ्यांसाठी, पण वर्णन लिहायला बसले की चित्रातला मुद्दा नेमका कोणता, हे लिहिणाऱ्याला ठरवावेच लागते. अशा वर्णनांची संख्या अजून थोडी आहे, ही आमची कुरकुर.

एक उदाहरण आपणच करून पाहू. लंबकाचे चलचित्र आहे, दोरीची लांबी बदलता येते. ते न दिसणाऱ्या मुलासाठी ‘लंबकाचे चलचित्र’ असे लिहिले तर ते मंगळावरच्या पृथ्वीसारखे झाले. त्याऐवजी असे लिहिता येईल: “दोरीला एक जड नट बांधा. टांगलेल्या टोकापासून नटाच्या मध्यापर्यंतची लांबी २५ सेंटिमीटर ठेवा. थोडेसेच ओढून सोडा आणि २० आंदोलनांना किती सेकंद लागतात ते मोजा. मग लांबी ५० आणि १०० सेंटिमीटर करून पुन्हा मोजा. आम्हांला अनुक्रमे २०, २८ आणि ४० सेकंदांच्या जवळपास वेळ अपेक्षित आहे. लांबी चौपट केली तर वेळ किती पट झाला?” सोबत एक रेखाचित्र. एवढ्याला पडद्यावर मूठभर जागा लागते आणि ते कोणत्याही फोनवर दिसते. नट तर देहूरोडमध्ये घरोघरी सापडेल. खरे सांगायचे तर हा पर्याय चलचित्रापेक्षा सरस आहे, कारण चलचित्रातला लंबक कधीच भिंतीला घासत नाही आणि मोजणाऱ्याची एक-दोन आंदोलने कधीच चुकत नाहीत.

यावर आक्षेप येतो तो दुप्पट कामाचा. एकदा चलचित्र करा, वर त्याचा पर्याय लिहा, एवढा वेळ कोणाकडे आहे? आक्षेप खोटा नाही. पण त्यात क्रम उलटा धरला आहे. २००३ मध्ये स्टीव्हन चॅम्पियन आणि निक फिंक यांनी पाने लिहिण्याची जी पद्धत मांडली तिच्यात आधी सर्वांना दिसेल असा मजकूर पूर्ण करायचा आणि मग ज्यांच्याकडे साधने आहेत त्यांच्यासाठी वर चलचित्र चढवायचे. मग पर्याय वेगळा लिहावा लागत नाही, तो मूळचाच असतो. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले तेव्हा नकळत हेच झाले. कोड उघडला नाही तरी धडा पुस्तकात संपूर्ण असतो. काही खासगी कार्यपुस्तिकांत मात्र प्रयोगाची कृतीच कोडच्या मागे ढकललेली आम्ही पाहिली आहे, पानावर फक्त ‘स्कॅन करा’ एवढेच. ती जुनी करडी चौकटच आहे, यावेळी कागदावर छापलेली.

एखादे संकेतस्थळ वर्गाला सुचवण्याआधी शिक्षकांनी एक चाचणी घ्यावी. पान शाळेच्या संगणकावर न उघडता आपल्या साध्यात साध्या फोनवर, जाळे मंद असताना, स्टेशनच्या फलाटावर उभे राहून उघडावे. पहिल्या मिनिटात पडद्यावर जे वाचता येईल ते वहीत उतरवावे. देहूरोडच्या बाईंनी आपल्या यादीतली पाने अशी तपासली. ज्या पानांखाली वहीत काहीच लिहिले गेले नाही त्यांच्यासाठी त्या आता स्वतः मजकूर लिहीत आहेत, आणि लंबकाचा वर दिलेला मजकूर त्यांतलाच आहे.