भाड्याचे घर आणि आपली कथा

मराठी साहित्यात शेजार पुष्कळ आहे. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली आणि भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या माणसांचे एक अख्खे जग मराठी वाचकाला मिळाले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकातली गिरणगावातली खोली त्या जगाहून फार वेगळी, होरपळलेली. पण दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. वाचक किंवा प्रेक्षक आत शिरतो तेव्हा बिऱ्हाड आधीच मांडलेले असते. ती खोली कशी मिळाली, पागडी किती, कुणी कुणासाठी शब्द टाकला, हा विषय तिथे येत नाही. त्या लेखकांना त्याची गरजही नव्हती. मुस्लिम मराठी वाचकाला मात्र उंबरठ्याच्या अलीकडचाच भाग अधिक परिचयाचा आहे.

हा अलीकडचा भाग मराठीत ताकदीने लिहिला तो बाबुराव बागुलांनी. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा संग्रह १९६३ चा. शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो, परगावी जातो आणि राहायला जागा मिळावी म्हणून आपली जात सांगत नाही. जात उघड झाल्यावर त्याला होणारी मारहाण सर्वांच्या लक्षात राहते. मला मात्र त्याआधीची पाने जास्त महत्त्वाची वाटतात. त्याला मान मिळतो, आपुलकी मिळते, आणि त्या प्रत्येक आपुलकीगणिक त्याची भीती वाढत जाते. जागा न मिळण्याचे दुःख एकपदरी असते. खोटे पडण्याच्या अटीवर मिळालेल्या जागेत ते अनेकपदरी होते.

आपल्या लेखकांशी बोलताना एक उत्तर नेहमी ऐकू येते : “बागुलांच्या नायकाला जात लपवता आली, आपले नाव पहिल्याच वाक्यात सगळे सांगून टाकते. मग कथा घडणार कुठे?” उत्तर वरवर बिनतोड आहे. त्याचा परिणाम आपल्या दिवाळी आणि वार्षिक अंकांत दिसतो. घर शोधणाऱ्या मुसलमानाची कथा पहिल्या नकारापाशी संपते, म्हणून उरलेली पाने भरायला लेखक दंगल आणतो, नाहीतर घरमालकाच्या तोंडी शिव्या घालतो. शेवटी नायक रस्त्यावर उभा राहून घटनेतले एखादे कलम आठवतो. असल्या कथेत राग खरा असतो, माणसे खोटी असतात.

पण ‘पहिल्याच वाक्यात’ हे तरी खरे आहे का? आपल्यात पाटील आहेत, देशमुख आहेत, इनामदार, चौगुले आहेत. मराठी आपली घरची आहे. सांगली, सोलापूर किंवा रत्नागिरीकडून पुण्या-मुंबईला बदली झालेला माणूस एजंटला फोन करतो, “पाटील बोलतोय” म्हणतो आणि संभाषण झकास चालते. भाडे ठरते, डिपॉझिट ठरते, पाणी किती वेळ येते तेही सांगून होते. “आपलीच माणसं आहेत, बिनधास्त या,” इथपर्यंत गाडी जाते. मग करारासाठी पूर्ण नाव विचारले जाते. आडनावाने उघडलेले दार नावाने बंद होते. या दोहोंमधल्या दहा मिनिटांत त्या माणसाने काहीही चोरलेले नसते, तरी त्याला चोरी पकडल्यासारखे वाटते. ही आपली, केवळ मराठी मुसलमानाचीच कथा आहे. लखनौच्या किंवा हैदराबादच्या उर्दू लेखकाला ती या रूपात सुचणे अवघड. आणि ती आपण लिहिलेली नाही, निदान तिच्या वकुबाला शोभेल अशी तरी नाही.

यात नकाराची भाषा फार बारकाईने ऐकावी लागेल. नकार देणारा बहुधा सभ्य असतो. चहा विचारतो. “तुमचं मराठी किती शुद्ध!” असे कौतुकही करतो. “माझी काही हरकत नाही हो, पण सोसायटी...” सोसायटीला विचारावे तर चेअरमन म्हणतात, मालकाची मर्जी. एजंट म्हणतो, “जागा कालच गेली.” म्हणजे ‘मी देत नाही’ असे प्रथमपुरुषी वाक्य कुणीच उच्चारत नाही. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत सभासदाने भाडेकरू ठेवताना सोसायटीला कळवायचे असते, तिची परवानगी मागायची नसते. तरी ‘सोसायटी’ ही ढाल कायम आहे. कायद्यात तिला जागाही आहे : २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा उपविधी वैध ठरवला. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमानांना हव्या त्या वस्तीत घर मिळत नसल्याची नोंद आली. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दिल्ली परिसरात वेगवेगळ्या नावांनी घरे विचारून पाहिली, तेव्हा सर्वाधिक नकार मुस्लिम नावाच्या वाट्याला आला. हे सिद्ध करणे आता कथेचे काम उरलेले नाही. तो नकार ऐकून घरी परतलेला माणूस बायकोला नेमके काय सांगतो, हे कुठल्याही अहवालात सापडत नाही. ते कथेने सांगायचे.

‘गर्म हवा’ (१९७३) आठवून पाहा. इस्मत चुगताई यांच्या कथेवरून एम. एस. सथ्यू यांनी केलेला हा चित्रपट. फाळणीनंतर आग्र्यात सलीम मिर्झांना वडिलोपार्जित हवेली सोडावी लागते आणि ते भाड्याचे घर शोधत फिरतात. नकार देणाऱ्या मालकांना चित्रपटात फार थोडा वेळ मिळाला आहे. लक्षात राहते ती म्हातारी आई, हवेली सोडायला तयार नसलेली, लपून बसलेली, आणि अखेरच्या घटकेला पुन्हा त्याच हवेलीत आणलेली. दिग्दर्शकाने घर नाकारणाऱ्यापेक्षा घर गमावणाऱ्याकडे कॅमेरा धरला. आमचे कथाकार नेमके उलटे करतात.

दुसरी तक्रार आपल्या वस्त्यांविषयी. १९९२-९३ नंतर मुंबईतली हजारो कुटुंबे मुंब्र्याला गेली. मीरा रोडचे नया नगर, पुण्याचा कोंढवाही भरत गेला. कथेत या जागा ‘सुरक्षित मोहल्ला’ म्हणून येतात आणि तिथेच विषय मिटतो. पण तिथेही घरमालक आहेच, आणि तो आपलाच आहे. तो गाव कुठले विचारतो, मसलक विचारतो, अविवाहित मुलाला खोली देत नाही, तलाक झालेल्या बाईला तर मुळीच नाही, आणि दलित भाडेकरूला तोच “जागा कालच गेली” म्हणतो. अकरा महिने भरले की वर्दी न देता भाडे वाढवतो. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर टाकली आहे, हे त्याला सांगायला गेलेला भाडेकरू पुढच्या महिन्यात सामान बांधतो.

शिवाय या इमारती कशा उभ्या राहिल्या? एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ शिळफाट्याला एक बेकायदा इमारत कोसळली, ७४ माणसे गेली. वरचे मजले चढत होते आणि खाली कुटुंबे राहत होती. बिल्डर, पालिका, पोलीस यांच्यावर लेख झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण अशा इमारतीत जाणूनबुजून राहायला आलेला माणूस, कागद नाहीत हे ठाऊक असून डिपॉझिट मोजणारा, आपल्या साहित्यात अजून दाराबाहेरच आहे. त्याने आधी किती ठिकाणी फोन केले असतील? त्यातल्या किती ठिकाणी त्याचे मराठी ऐकून समोरचा खूश झाला असेल?

आणि एजंट. पुष्कळदा तोही मुसलमानच असतो. मालकाची अट त्याला पाठ असते, कमिशन त्याचे पोट असते, आणि समोर फोनवर सलाम करणारा गाववाला असतो. “भाईजान, वो जगह तुम्हारे लायक नहीं,” असे म्हणून तो फोन ठेवतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी मराठीत बोलू लागतो. या माणसाच्या बाजूने लिहिलेली एक कथा मला कुणी आणून दिली, तर मी पुढच्या अंकात टीका लिहिण्याऐवजी ती छापायला देईन.