मंत्रपोथी आणि उपजत सिद्धी

टेबलाभोवती बसून, फासे टाकून व एका निवेदकाच्या साहाय्याने कथा घडवीत खेळावयाच्या भूमिकाखेळांत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा आद्य मानला जातो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यातील मांत्रिकाची विद्या जॅक व्हॅन्स या कथाकाराच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या पुस्तकाच्या वळणाची आहे. मंत्र पोथीतून मुखोद्गत करावयाचा आणि एकदा उच्चारला की तो स्मृतीतून पुसला जावयाचा! या विस्मरणाची पुष्कळदा टवाळी झाली आहे. परंतु या कल्पनेचे मर्म विस्मरणात नसून पोथीत आहे.

पोथी म्हणजे मांत्रिकाच्या देहाबाहेर वसणारे ज्ञान. ते जळते, चोरीस जाते, पराभूत शत्रूच्या पोथीतून उतरवूनही घेता येते. १९७८ च्या नियमग्रंथात तर मंत्र हाती आला तरी तो कळेलच अशी शाश्वती नव्हती. बुद्धीचा अंक १८ असणाऱ्यास ती शक्यता शेकडा ८५, ९ असणाऱ्यास अवघी ३५. फासा उलटा पडला की त्या मंत्राचे दार बहुधा कायमचे बंद होई. नियम कठोर खरा. कित्येक मेजांवर तो हळूच बाजूस सारला गेला असल्यास नवल नाही. तथापि त्यामुळेच तळघरात सापडलेल्या एखाद्या जीर्ण गुंडाळीस मोल येत असे.

२००० च्या आवृत्तीत ‘सॉर्सरर’ हा नवा वर्ग अवतरला. त्याची सिद्धी उपजत. पोथी नाही, पाठांतर नाही; मंत्र थोडे, पण हवे तेव्हा योजता येणारे. २०१४ च्या नियमांनुसार विसाव्या पातळीपर्यंत त्याला १५ मंत्र अवगत होतात, तर पोथीधारकाच्या संग्रहात काहीही न शोधता ४४ जमतात. फरक केवळ संख्येचा नव्हे. सॉर्सररचे शिकणे ही कथेतील घटनाच नसते. दोन बैठकींच्या मध्ये खेळाडू कागदावर एक नाव लिहितो, इतकेच. (क्लेरिक या पुरोहितवर्गास प्रार्थनेने सारी मंत्रसूची खुली असते, तो अनुग्रह आहे, अध्ययन नव्हे.) मात्र दोष एकट्या सॉर्सररचा नाही. २००० पासून पोथीधारकासही दर पातळीस दोन मंत्र आपोआप मिळू लागले आणि त्याचा शोध ऐच्छिक ठरला. २०१४ मध्ये सापडलेला मंत्र उतरविण्यास मंत्राच्या दर पातळीमागे ५० सुवर्णनाणी व दोन तास लागतात. जोखमीच्या जागी हिशेब आला.

याउलट ‘आर्स मॅजिका’ (१९८७) या जॉनथन ट्वीट व मार्क राइन-हेगन यांच्या खेळात किंमत काळाची आहे. एक ग्रंथ अभ्यासावयाचा तर सबंध ऋतू खर्ची पडतो. त्या अवधीत साहसास मुकावे लागते. हेच ट्वीट पुढे २००० च्या आवृत्तीच्या प्रमुख रचनाकारांपैकी एक होते, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. ‘आर्स मॅजिका’तील मांत्रिक स्वतःही ग्रंथ रचतो, आणि त्याच्या पश्चात तो ग्रंथ दुसऱ्या कोणाचा तरी ऋतू व्यापून राहतो.