जात्यावरच्या ओव्या आणि संकेतांची मांडणी

मौखिक साहित्याचा संग्रह करणे ही एक गोष्ट आणि त्या संग्रहातून हवे ते नेमके शोधून काढता येणे ही दुसरी. पहिलीचे आपल्याकडे पुष्कळ कौतुक होते. दुसरीकडे सहसा कोणी वळत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाचा विचार आम्ही येथे या दुसऱ्या अंगाने करणार आहोत. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावे आणि तीन हजारांहून अधिक गायिका असा त्याचा विस्तार आहे. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने तो संगणकावर आला आणि २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने त्यातील ओव्या प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये मिळालेल्या बाबासाहेबांवरील ओव्या याच संग्रहातल्या. ओवी म्हणणाऱ्या बाईचे नाव आणि गाव जपण्याची जी काटेकोर दक्षता येथे घेतली गेली, ती आपल्या लोकसाहित्याच्या जुन्या संग्राहकांत क्वचितच दिसते.

संग्रहातील ओवीला एक संकेत दिलेला असतो. आरंभी एक रोमन अक्षर, मग रोमन अंक, त्यापुढे उपविभागांचे आकडे. अक्षराने मोठा विषय कळतो आणि पुढे तो बारीक होत जातो. बाबासाहेबांचा विभाग स्वतंत्र आहे; त्यांना भाऊ, घरचा माणूस मानून म्हटलेल्या ओव्यांना त्यात पोटविभाग आहे. हे योग्यच झाले. परंतु अडचणही येथेच सुरू होते. भावाबहिणीच्या ओव्यांचे दालन संग्रहात वेगळे आहे. बाबासाहेबांना भाऊ म्हणणारी बाई आपल्या सख्ख्या भावाविषयी जी भाषा वापरते, तीच येथे वापरते काय, हा प्रश्न आम्हांस फार मोलाचा वाटतो. त्याचे उत्तर शोधू पाहणाऱ्यास दोन्ही दालने आपल्या हाताने धुंडाळावी लागतात, कारण ‘बाबासाहेब’ आणि ‘भाऊ’ हे दोन संकेत येथे एकात एक विरघळलेले आहेत.

गुणात्मक संशोधनासाठी संगणकप्रणाली घडवणाऱ्यांना हा दोष लवकर उमगला होता. मेलबर्नच्या लिन आणि टॉम रिचर्ड्स यांनी १९८० च्या दशकात ‘नुडिस्ट’ ही प्रणाली रचली; तिच्यातून १९९९ मध्ये ‘एनव्हिवो’ आली. या प्रणालींत संकेतांचा वृक्ष असतो, पण एकाच उताऱ्यावर कितीही संकेत लावता येतात आणि दोन संकेत जेथे एकत्र येतात तेवढेच उतारे मागवता येतात. अट एकच: एका संकेतात एकच कल्पना असावी. ‘मुलीचे शिक्षण – आईचे मत’, ‘मुलीचे शिक्षण – बापाचे मत’, ‘जमीन – आईचे मत’ अशी मांडणी करणारा प्रत्येक विषयाखाली तीच पोटशाखा पुनःपुन्हा लावीत जातो. शंभर मुलाखतींनंतर त्याच्याकडे पाचशे संकेत होतात, आणि आईचे म्हणणे समग्र कोठेच मिळत नाही. विषयांचा एक वृक्ष, बोलणाऱ्याच्या भूमिकेचा दुसरा, भावनेचा तिसरा असे ठेवले तर पन्नास-साठ संकेतांत काम भागते.

आमच्या वाचकांस ही कल्पना परकी वाटू नये. धम्मसंगणीच्या आरंभीची मातिका हेच करते. तेथे २२ तिक आणि १४२ दुक आहेत. प्रत्येक तिक हा धम्मांना विचारलेला एक प्रश्न होय: कुशल, अकुशल की अव्याकृत? कोणत्या वेदनेने युक्त? एका प्रश्नाच्या उत्तराने दुसऱ्याची जागा अडत नाही. तेच चित्त अनेक तिकांत आपापल्या जागी सापडते. एका वस्तूला एकच घर देणाऱ्या मांडणीहून ही दृष्टी पुढची आहे, असे आमचे मत आहे. अर्थात मातिका संगणकाची पूर्वज आहे वगैरे जे उत्साहाने म्हटले जाते, त्यात आम्हांस स्वारस्य नाही.

याहून गंभीर बाब वेगळीच आहे. प्रसिद्ध झालेल्या ओव्यांसोबत गायिकेचा परिचय असतो. त्यात ‘जात’ या शब्दापुढे काही ठिकाणी ‘नवबौद्ध’ असे छापलेले आढळते. संकेत उताऱ्याला लागतो, तर ही नोंद माणसाला लागते आणि त्या बाईच्या प्रत्येक ओवीबरोबर ती फिरते. म्हणून तिच्यातील चूक शेकडो पटींनी वाढते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे घडले ते जातीच्या रकान्यातील एक नाव खोडून दुसरे लिहिण्यासाठी घडले नव्हते. धम्माला जातीच्या यादीत बसवणारी नोंद ही मांडणीची चूक आहेच, अर्थाचीही आहे. जातीचा रकानाच काढून टाकावा, असे आपल्यातील काही जण यावर सुचवतील. आम्हांस ते मान्य नाही. रकाना गेला की या ओव्या कोणाच्या जात्यावर जन्मल्या हेही पुसले जाईल, आणि ‘समस्त ग्रामीण स्त्री’ नावाची एक निराकार बाई शिल्लक राहील. १९९० मध्ये बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या, तेव्हा कायद्यानेही धर्म आणि मूळ जात या दोन वेगळ्या नोंदी मानल्या. येथेही दोन रकाने हवेत. आणि बाईने स्वतः जे सांगितले ते तिच्याच शब्दांत तिसऱ्यात.

उद्या नेर परसोपंत आणि भोवतालच्या गावांतून वृद्ध उपासिकांच्या आठवणी कोणी टिपावयास घेतल्या तर आणखी एक पेच समोर येईल. आपल्या वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. दळण तेथे ‘दयन’ होते, डोळे ‘डोये’ होतात. संगणकास ‘दळण’ शोधावयास सांगितले तर ‘दयन’ सापडणार नाही. बाई बोललीच नाही असा निष्कर्ष मात्र निघेल! त्यात मराठीची सामान्यरूपे: ‘पाणी’ शोधणाऱ्यास ‘पाण्यावर’ मिळत नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द तर संगणकात दोन निरनिराळ्या रीतींनी टंकित होतो, आणि डोळ्यांस एकच दिसणारे ते शब्द यंत्रास भिन्न वाटतात. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेले मजकूर आधी रूपांतरित न केल्यास शोधाच्या उपयोगाचे नाहीत. बोली प्रमाण भाषेत ‘सुधारून’ ठेवणे हा यावरचा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय होय. बोललेली ओळ जशीच्या तशी ठेवावी, तिच्याखाली प्रमाण रूपाची दुसरी ओळ द्यावी आणि शोध दोहींत घ्यावा. शब्दाने न सापडणारे संकेताने सापडते, म्हणून संकेत लावण्याचे कष्ट टाळता येणार नाहीत.

संकेतांची नावे मराठीत असावीत, ही आमची शेवटची सूचना. ओव्यांच्या वर्गीकरणातील शीर्षके इंग्रजीत आहेत. ‘अफेक्शन’ या शीर्षकाखाली माया, जीव लावणे आणि अभिमान एकत्र जातात; ओवी म्हणणाऱ्या बाईकडे त्यांना तीन शब्द होते. प्रत्येक संकेताची व्याख्या दोन ओळींत लिहून, ती केव्हा बदलली त्याची तारीख तिच्यापुढे नोंदवली, तर दहा वर्षांनी तेच काम हाती घेणाऱ्यास आधीच्याने ‘माया’ कशाला म्हटले होते हे तरी कळेल.