मानाचे पान, मताचा हक्क

१७९८ च्या मार्च महिन्यात येना येथे राहणाऱ्या फ्रीड्रिश शिलर या जर्मन नाटककाराच्या हाती पॅरिसहून निघालेले एक जुने टपाल पडले. आत फ्रान्सचे नागरिकत्व बहाल केल्याची सनद होती. ती निघाली होती १७९२ च्या शरदात, म्हणजे वाटेत साडेपाच वर्षे गेली होती. सनदेवर दांतों आणि क्लाव्हिएर या मंत्र्यांच्या सह्या होत्या, सोबतचे पत्र गृहमंत्री रोलां याचे होते. तोवर दांतोंचे मुंडके गिलोटिनखाली उडाले होते आणि क्लाव्हिएर व रोलां यांनी आपला जीव आपल्या हातांनी संपवला होता. हे टपाल मृतांच्या राज्यातून आले आहे, अशा अर्थाचे काहीसे गटे म्हणाला ते उगाच नव्हे. त्यात नावाचाही घोळ होता. कागदावर ‘शिलर’ नव्हता, ‘जील’ होता.

युरोपीय वाङ्मयाच्या इतिहासात ही हकीकत गमतीचा किस्सा म्हणून येते आणि वाचक हसून पुढे जातो. मला मात्र तो कागद बारकाईने वाचण्याजोगा वाटतो. मानद नागरिकत्वाची सनद हा एक लेखनप्रकार आहे असे मी मानतो. मानपत्राची भाषा आणि कायद्याची भाषा त्यात एकमेकींना चिकटलेल्या असतात, आणि कुठे कोणती संपते हे घेणाऱ्याला कळत नाही. बहुधा देणाऱ्यालाही कळत नसावे. एखाद्या कवितेतली संदिग्धता आपण गुण मानतो. सनदेतल्या संदिग्धतेने एका माणसाला जवळजवळ दहा महिने तुरुंगात ठेवले. त्याचे नाव महाराष्ट्राला परके नाही.

मूळ ठराव २६ ऑगस्ट १७९२ चा. त्या तारखेच्या आजूबाजूला पाहिले पाहिजे. १० ऑगस्टला पॅरिसच्या लोकांनी राजवाड्यावर चाल करून राजसत्ता निकालात काढली होती. २३ ऑगस्टला सीमेवरचा लाँग्वी हा किल्ला प्रशियाच्या फौजेच्या हाती गेला. दुसऱ्याच दिवशी मारी-जोझेफ शेनिये हा कवी-नाटककार विधानसभेपुढे अर्ज घेऊन आला, की स्वातंत्र्यासाठी लेखणी झिजवणाऱ्या परदेशी विचारवंतांना फ्रान्सने आपले म्हणावे. २६ तारखेला ग्वादे याने यादी वाचली. आठवडाभरात, २ सप्टेंबरला, पॅरिसच्या तुरुंगांत कत्तल सुरू झाली. परक्यांचे सैन्य दाराशी आले असताना सभागृह परक्यांना घरात घेत होते. यात औदार्य आहेच, पण गरजही आहे. सगळ्या युरोपातले राजे ज्यांना लुटारू म्हणत होते, त्यांना युरोपातल्या शहाण्या माणसांची साक्ष हवी होती.

यादीत सतरा नावे, आणि एका सभासदाच्या सूचनेवरून मागाहून घातलेले अठरावे, ते हे ‘जील’. इंग्लंडातून प्रीस्टली, पेन, बेन्थॅम, विल्बरफोर्स, क्लार्कसन, मॅकिंटॉश. अमेरिकेतून वॉशिंग्टन, हॅमिल्टन, मॅडिसन. जर्मनीकडून काम्पे आणि कवी क्लोप्स्टॉक. शिक्षणशास्त्रज्ञ पेस्तालोत्सी, पोलंडचा कोश्चुश्को आणि आणखी काही. मॅडिसनचे पाळण्यातले नाव कोणाला ठाऊक नव्हते, म्हणून तिथे नुसते ‘एन.’ घातले. पेस्तालोत्सीचेही तसेच. अलेक्झांडर हॅमिल्टन ‘जाँ’ झाला. मी इतिहास कॉलेजात शिकलेलो नाही, शब्दकोश मांडीवर घेऊन हे मजकूर लावत बसणारा माणूस आहे, त्यामुळे अशा चुकांवर माझी नजर पंडितांपेक्षा जास्त अडखळत असेल. तरी मला त्या बोलक्या वाटतात. ज्याला आपण घरचा म्हणतो, त्याचे नाव तरी विचारावे.

आणखी एक दिसते. यादीत एकही बाई नाही. त्याच १७९२ साली मेरी वुलस्टनक्राफ्टने स्त्रियांच्या हक्कांवरचा ग्रंथ छापला होता आणि तो तालेरां या फ्रेंच पुढाऱ्यालाच अर्पण केला होता. विल्बरफोर्स आणि क्लार्कसन ही दोन नावे गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या लढ्यामुळे आली. पण त्या दिवशी फ्रान्सच्या स्वतःच्या वसाहतींत गुलामी जशीच्या तशी चालू होती. सान-दोमिंगच्या गुलामांनी बंड पुकारल्याला वर्ष झाले होते. गुलामी रद्द करण्याचा फ्रेंच ठराव झाला ४ फेब्रुवारी १७९४ ला. म्हणजे दुसऱ्याच्या घरातले पाप धुणाऱ्याला मान आधी मिळाला, आपल्या घरातल्या गुलामाला माणूसपण दीड वर्षाने. ठरावाच्या प्रस्तावनेत फ्रान्स मानवजातीच्या भवितव्याबद्दल बोलतो. ही सन्मानाची यादी मी वाचतो तेव्हा मला सन्मानितांपेक्षा आरशासमोर उभे असलेले सभागृहच जास्त दिसते.

घेणाऱ्यांनी काय केले? बेन्थॅमने आभाराचे पत्र लिहिले, त्यात आपण लंडनमध्ये राजनिष्ठ आणि पॅरिसमध्ये प्रजासत्ताकवादी, अशी चतुराई केली आणि जाता जाता देश सोडून गेलेल्यांना दया दाखवा असेही सुचवले. विल्बरफोर्सला हा मान अडचणीचाच झाला. प्रीस्टलीला प्रतिनिधी म्हणून निवडूनही दिले होते, त्याने जागा नाकारली. क्लोप्स्टॉकने आधी क्रांतीचे स्वागत केले, मग तिच्याविरुद्ध लिहिले. शिलर तर सनद वाटेत असतानाच, डिसेंबर १७९२ मध्ये, राजाच्या बचावार्थ निबंध लिहावा काय या विचारात होता. यांतल्या बहुतेकांनी ते मानाचे पान घेऊन बाजूला ठेवले. दोघांनीच ते खाल्ले.

एक प्रशियाचा सरदारपुत्र अनाकार्सिस क्लूत्स. स्वतःला मानवजातीचा वक्ता म्हणवणारा हा माणूस २४ मार्च १७९४ ला गिलोटिनवर गेला.

दुसरा टॉमस पेन. इंग्लंडात थेटफर्डला १७३७ साली जन्म, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला ज्याच्या लेखणीने बळ दिले तो, आणि ‘राइट्स ऑफ मॅन’ या ग्रंथामुळे इंग्लंडात ज्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला तो. सप्टेंबर १७९२ मध्ये त्याने डोव्हर सोडले आणि पा-द-कालेचा प्रतिनिधी म्हणून तो फ्रान्सच्या नव्या राष्ट्रीय सभेत बसला. डिसेंबरात इंग्लंडने त्याच्या गैरहजेरीत त्याला दोषी ठरवले. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते. जानेवारी १७९३ मध्ये राजाच्या शिक्षेचा प्रश्न आला, तेव्हा हा राजसत्तेचा कट्टर वैरी उभा राहिला आणि त्याचे भाषण बांकाल याने फ्रेंचमध्ये वाचून दाखवले: राजाला मारू नका, कैदेत ठेवा, युद्ध संपल्यावर हद्दपार करा. मारा मध्येच ओरडला, की हा क्वेकर आहे, याचे मत धर्माने बांधलेले आहे. मग भाषांतरच खोटे आहे, असाही गलका झाला.

मला हा सगळ्या प्रकरणातला कळीचा क्षण वाटतो. नागरिकत्व मानद आहे की खरे, हे ठरावाच्या शब्दांत सापडत नाही. ते सापडते मान मिळालेला माणूस देणाऱ्याच्या मनाविरुद्ध मत देतो तेव्हा. त्या दिवशी पेन खराखुरा फ्रेंच नागरिक होता, आणि त्या दिवसापासूनच तो पुन्हा परका होऊ लागला. २५ डिसेंबर १७९३ ला परदेशात जन्मलेल्यांना सभेतून काढण्याचा ठराव झाला. २८ तारखेला पेन लक्झेंबर्गच्या तुरुंगात होता. वाटेत त्याने ‘एज ऑफ रीझन’चे हस्तलिखित जोएल बार्लो या अमेरिकन मित्राच्या हवाली केले.

तुरुंगात दारावर खडूने चुकून आतल्या बाजूला काढलेल्या खुणेमुळे तो कसा वाचला, ही गोष्ट सगळेच सांगतात. मी ती बाजूला ठेवतो, कारण तिच्यामुळे दुसरी, जास्त कडू गोष्ट झाकली जाते. फ्रान्सच्या लेखी तो शत्रुराष्ट्रात जन्मलेला इंग्रज. इंग्लंडच्या लेखी गुन्हेगार. अमेरिकेचा वकील गव्हर्नर मॉरिस याच्या मते त्याने फ्रेंच नागरिकत्व पत्करले होते, तेव्हा अमेरिकेने त्याच्यासाठी धडपड करण्याचे कारण उरले नव्हते. ज्या माणसाला तीन देशांनी कधी ना कधी आपला म्हटले, त्याला सोडवायला एकही देश नव्हता. मॉरिसच्या जागी मन्रो आला, तेव्हा सप्टेंबर १७९४ मध्ये पेनने तुरुंगातून त्याला लांबलचक निवेदन लिहिले. त्यातला युक्तिवाद असा: फ्रान्सने दिलेला तो नुसता मान होता, वॉशिंग्टनलाही तो मिळाला, म्हणून वॉशिंग्टन काय अमेरिकन राहिला नाही? अठरांपैकी ज्याने ते नागरिकत्व सर्वांत मनापासून घेतले, त्याला जीव वाचवायला ते शोभेचे होते असे सिद्ध करावे लागले. मन्रोने तो आपला नागरिक आहे असे सांगितले आणि ४ नोव्हेंबरला पेन सुटला. वॉशिंग्टनवरचा राग त्याने १७९६ मध्ये जाहीर पत्र लिहून काढला. एवढ्यावर संपले नाही. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यात न्यू रॉशेल येथे तो मत द्यायला गेला, तर निवडणूक अधिकाऱ्यांनी तो अमेरिकन नागरिक नाही म्हणून परत पाठवले. मॉरिसने तेव्हा त्याच्यावर हक्क सांगितला नव्हता, हे कारण पुढे केले.

या पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ पुण्यात जोतीराव फुले यांनी विशीत वाचले. फुले-चरित्रांत हा उल्लेख एका ओळीत येतो आणि पेन तिथे ‘ग्रंथकार’ एवढाच उरतो. ते पुस्तक लिहिणाऱ्याला त्याच पुस्तकापायी एका देशाने घराबाहेर काढले, दुसऱ्याने घरात घेतले आणि मग कोंडले, हे त्या ओळीत मावत नाही. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. मी तिच्याकडे फ्रेंच ठरावाचे उलटे रूप म्हणून पाहतो. तिथे एक राष्ट्र परक्या व्यक्तींना मान देते, इथे ज्याच्या हाती कुठलीच सत्ता नाही असा एक माणूस एका परक्या जनतेला मान देतो, आणि त्या मानातून आपल्या घरच्या ब्राह्मणशाहीला जाब विचारतो. पॅरिसच्या सभागृहाला जे जमले नाही ते, म्हणजे दुसऱ्याचा गौरव करताना आपल्या घरातला गुलाम दाखवणे, ती अर्पणपत्रिका करते.

पुढच्या राष्ट्रांनी पेनच्या प्रकरणातून धडा घेतला, पण तो घाबरटाचा. १९६३ मध्ये अमेरिकेने चर्चिलला मानद नागरिक केले, ते या मानाने कुठलाही कायदेशीर हक्क जडणार नाही अशा बेताने. अमेरिकेच्या यादीत राउल वॉलेनबर्गचे नाव १९८१ मध्ये आले, लाफाएतचे २००२ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर पावणेदोनशेच्या आसपास वर्षांनी. मेलेला नागरिक विरुद्ध मत देत नाही. १९९६ मध्ये मदर तेरेसा यांना हा मान मिळाला तेव्हा त्या भारतीय नागरिक होत्या. परक्या देशाचे नागरिकत्व स्वखुशीने घेतले की भारताचे जाते, हा आपला कायदा. त्यांचे गेले नाही, कारण घेण्यासारखे तिथे काही नव्हतेच. कॅनडाने आँग सान सू ची यांना २००७ मध्ये मानद नागरिक केले आणि रोहिंग्यांवरील अत्याचारांनंतर २०१८ मध्ये ते काढून घेतले. तो निषेध मला योग्य वाटला, पण खऱ्या नागरिकाचे नागरिकत्व असे संसदेच्या मतदानाने काढता येत नाही.

म्हणून १७९२ चा तो ढिसाळ, आत्मप्रौढीचा, नावे चुकवणारा ठराव मला या नीटनेटक्या कागदांपेक्षा मोठा वाटतो. त्याने निदान एका परक्याला सभागृहात बसू दिले आणि नको ते बोलू दिले.

आपल्याकडे मानद नागरिकत्वाची तरतूद नाही. राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने परकी राज्यांचे किताब घेणेही नागरिकांना मना केले आहे. पण १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या सहाव्या कलमाला एक परंतुक आहे, त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगती यांत ज्याने विशेष सेवा केली आहे, अशा परदेशी माणसाला केंद्र सरकार नागरिकत्वाच्या अटींपैकी कोणतीही किंवा सगळ्या माफ करू शकते. यांत ठरावीक वर्षे इथे राहण्याची अट आली, आणि आठव्या परिशिष्टातली एखादी भाषा येण्याचीही. शपथ मात्र घ्यावी लागते. १७९२ च्या यादीतले विषय इथे जवळजवळ तसेच आहेत. फरक एवढाच, की या परंतुकाखाली जे मिळते ते शोभेचे नसते. त्या माणसाचे नाव मतदारयादीत येते.