एका जांभईवर ठरलेलं विज्ञान

भिवंडीतल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून गेलो होतो. आठवीतल्या एका मुलानं मेथीच्या दोन कुंड्या मांडल्या होत्या. गाणी ऐकवलेली तरारलेली, न ऐकवलेली किरटी. वर लाल शिक्का: ‘सिद्ध’.

“ही दुसरी कुठे ठेवली होतीस?”

“जिन्याखाली, सर.”

“आणि कुंडी एकेकच?”

“टीव्हीवर पण एकदाच करतात ना!”

पोराचं काही चुकलं नाही. गुरूच तसा मिळाला.

‘मिथबस्टर्स’ या दंतकथा प्रयोगानं तपासणाऱ्या टीव्ही मालिकेचं ऋण मी मानतो. फसलेला प्रयोग त्यांनी लपवला नाही, आर्किमिडीजनं आरशांनी जहाजं पेटवल्याचा दावा तर तीनदा तपासला. पण जांभई संसर्गजन्य असते का, हा त्यांचा भाग आठवा. माणसं 50. त्यातल्या 34 जणांसमोर मुद्दाम जांभई दिली, 10 जणांनी जांभई दिली. उरलेल्या 16 जणांसमोर दिली नाही, तरी चौघांनी दिलीच. म्हणजे 29 टक्के विरुद्ध 25. निकाल: दावा खरा! त्या सोळांत आणखी एकाला जांभई आली असती तर तिथले टक्के 31 झाले असते आणि पारडं उलटं फिरलं असतं.

बाकीच्या कार्यक्रमांबद्दल काय बोलावं? प्रश्नमंजूषा म्हणजे पाठांतराची शर्यत. बालवैज्ञानिकांच्या स्पर्धांत मॉडेलचा दिवा लागला की टाळ्या. 2008 च्या मार्चमध्ये एका वाहिनीवर विवेकवादी सनल एडमरुकूंना मंत्रानं मारायला निघालेल्या तांत्रिकाची फजिती मीही मजेत पाहिली. पण ती एका माणसाची फजिती होती, दाव्याची मोजणी नव्हे.

ज्योतिषाच्या दाव्याची अशी मोजणी त्याच वर्षी महाराष्ट्रात झाली, कॅमेऱ्याच्या झगमगाटाशिवाय. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी 200 कुंडल्या जमवल्या: 100 हुशार विद्यार्थ्यांच्या, 100 मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40 दिल्या. कोणती कुणाची, एवढंच सांगायचं. किती बरोबर आल्या तर यश मानायचं, तेही आधीच ठरलेलं: 28. उत्तरं पाठवली 27 ज्योतिषांनी. सर्वोत्तम गुण 24, सरासरी 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी एवढंच हाती लागलं असतं. 2009 मध्ये ‘करंट सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत हे आकड्यांसह छापून आलं. अटी आधी आणि निकाल नंतर. माझ्या लेखी खरा थरार तो.

वाहिनीवाले म्हणतात, अशा मोजणीचा प्रेक्षकाला कंटाळा येतो. खोटं आहे. आमच्याकडचा जाणता यंत्रमाग कारखानदार नवं सूत आलं की जुनं आणि नवं शेजारशेजारच्या लूमवर चढवतो, एकाच कामगाराच्या हाताखाली. दिवसपाळी-रातपाळी दोन्हीकडे ताण्याचे किती धागे तुटले ते मोजतो. हवा कोरडी पडली की सूत जास्त तुटतं, त्याचा दोष सुताच्या माथी जाऊ नये म्हणून. त्याला कंटाळा येत नाही, कारण पैसा त्याचा असतो. वाहिनीचं काय जातं? निकाल चुकला तरी जाहिरात तीच. ‘अजून ठरवता येत नाही’ हा विज्ञानातला सर्वांत प्रामाणिक निकाल. तो शिक्का या कार्यक्रमांच्या पेटीत का नाही?

म्हणून वाचकहो, पडद्यावर शिक्का बसला की दोनच प्रश्न विचारा: किती वेळा केलं? आणि कशाशी ताडून पाहिलं? उत्तर मिळालं नाही, तर तो प्रयोग नव्हे, नाटकाचा प्रयोग.