गाळलेले अक्षर

इंग्रजीच्या तासाला मुले कंटाळली की मी त्यांना शब्दांची एक गंमत सांगतो. 'फसीशस' म्हणजे नको तेथे विनोद करणारा, आणि 'ॲबस्टीमियस' म्हणजे खाण्यापिण्यात संयम राखणारा. अर्थाने पाहू गेल्यास हे दोघे एका पंक्तीला बसणारे नव्हेत. पण दोघांच्याही स्पेलिंगात ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर याच क्रमाने आणि एकेकदाच येतात. 'सबकॉन्टिनेन्टल', म्हणजे उपखंडाविषयीचा, या शब्दात तेच पाच स्वर नेमके उलट्या क्रमाने उभे आहेत. 'अनकॉपिराइटेबल', म्हणजे ज्यावर कोणालाही लेखनहक्क सांगता येत नाही असे. त्यातली पंधरा अक्षरे तपासा, एकही दोनदा येत नाही. मुले खूश होतात. मीही होतो. मात्र हा आनंद डोळ्यांचा आहे, अर्थाशी त्याचे काही देणेघेणे नाही, हे मुलांनाही कळते.

प्रश्न पडतो तो हाच खेळ कोणी शब्दांच्या यादीत न खेळता कादंबरीत खेळू लागला म्हणजे. अमेरिकेत अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट या गृहस्थांनी 'गॅड्सबी' नावाची पन्नास हजारांहून अधिक शब्दांची कादंबरी 1939 साली प्रसिद्ध केली. तिच्या कथेत इंग्रजी मुळाक्षरांतले पाचवे अक्षर, म्हणजे 'ई', टाळलेले आहे. चुकूनसुद्धा ते उमटू नये म्हणून त्यांनी टंकलेखनयंत्राची ती कळ बांधून ठेवली होती. इंग्रजीत सर्वांत अधिक वापरले जाणारे अक्षर हेच. ते गेले की 'ही' आणि 'शी' जातात, मदर आणि फादर जातात, होम, लव्ह, लाइफ आणि डेथ हेही जातात. एवढ्या गोष्टी वगळून जे उरते त्यात संसार मांडायचा म्हणजे चिकाटीची कमाल होय, आणि ती चिकाटी मी मनापासून मानतो.

पण कादंबरी म्हणून तिचे काय? पन्नाशीचा जॉन गॅड्सबी गावातल्या तरुणांना हाताशी धरून मरगळलेले गाव पुन्हा उभे करतो, एवढेच कथानक. आता गंमत पाहा. इंग्रजीत सातापासून एकोणतीसपर्यंतच्या प्रत्येक संख्येच्या स्पेलिंगात 'ई' येतो. म्हणजे तारुण्यावर लिहिलेल्या या कादंबरीत एकाही तरुणाचे वय सरळ शब्दांत सांगता येत नाही! लेखकाने हे अक्षर का टाकले, याला कथेत कोठेच उत्तर नाही. गॅड्सबीला त्याची उणीव भासत नाही, गावालाही नाही. त्रास होतो तो एकट्या लेखकाला, आणि वाचकाने त्या त्रासाचे कौतुक करावे एवढीच अपेक्षा. डोंबाऱ्याचा खेळ आपण श्वास रोखून पाहतो. पण दोरीवरून तो कोणाच्या घरी चालला आहे, असे विचारत नाही.

याच्या उलट आपला दंडी. 'दशकुमारचरिता'त मंत्रगुप्त आपली हकीकत सांगतो ती ओष्ठ्य वर्ण टाळून. कारण? प्रियेने त्याचा ओठ चावला आहे. दुखऱ्या ओठावर हात धरून तो बोलतो आहे. प, फ, ब, भ, म उच्चारायचे तर ओठाला ओठ लागणार आणि कळ येणार. केवढी साधी युक्ती! बंधन लेखकाचे, पण दुखते पात्राला. त्या क्षणी कसरतीचे साहित्य होते. अक्षरनियमाचे कोणतेही पुस्तक हाती आले की तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारतो: ओठ कोणाचा दुखतो आहे?

हा प्रश्न मी मोरोपंतांनाही विचारला. त्यांच्या कितीतरी रामायणांत एक 'निरोष्ठ रामायण' आहे. ओष्ठ्य वर्ण वर्ज्य, म्हणजे 'म' वर्ज्य, म्हणजे ज्याचे रामायण गायचे त्या रामाचे नावच वर्ज्य! पंतांच्या भाषाप्रभुत्वापुढे मान लवते. पण रामाचे नाव ओठी येत नाही याची व्याकुळता हा त्या रचनेचा विषय नव्हे. मराठी माणसाच्या ओठांवर पंत राहिले ते 'केकावली'मुळे, आणि तेथे त्यांनी ओठांना मज्जाव केलेला नाही.

तिसरे पुस्तक जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाचे, 1969 साली निघालेले, 'ला दिस्पारिस्यों', म्हणजे 'नाहीसे होणे'. मला फ्रेंच येत नाही. गिल्बर्ट अडेर यांनी 1994 साली केलेले इंग्रजी भाषांतर मी वाचले. तेही 'ई'वाचून केलेले आहे. याही कादंबरीत 'ई' नाही. पण येथे एक माणूस नाहीसा होतो, त्याचे मित्र त्याला शोधतात, आणि आपल्या जगातून काहीतरी गेले आहे हे त्यांना जाणवते. काय गेले ते सांगता मात्र येत नाही, कारण ते सांगायचे अक्षरच नाही. रहस्याच्या जवळ जाणारे मरतात. चौथ्या प्रकरणानंतर एकदम सहावे येते.

पेरेकचे आईवडील पोलंडमधून आलेले ज्यू. वडील 1940 साली फ्रान्सच्या सैन्यात लढताना गेले; आईला 1943 साली आउश्विट्झला नेले, ती परतली नाही. तिच्याविषयी सरकारने जो दाखला दिला, तो मृत्यूचा नव्हे, 'नाहीसे होण्या'चा होता. शब्द तोच, 'दिस्पारिस्यों'. फ्रेंचमध्ये आई आणि वडील हे दोन्ही शब्द 'ई'वाचून लिहिता येत नाहीत. लेखकाचे आडनावही येत नाही. पाच अक्षरांतली तीनच उरतात.

कोणी म्हणेल, हे चरित्र झाले, समीक्षा नव्हे. आक्षेप रास्त आहे. पुस्तकाचा मधला भाग लांबतो, शब्दांची आतषबाजी थकवते, हेही खरे. पण लेखकाच्या आईची हकीकत मला ठाऊक नव्हती तेव्हाही, पाचवे प्रकरण सापडेना म्हणून मी पाने मागे उलटली होती. उणीव पुस्तकातच होती. चरित्राने तिला फक्त नाव दिले.

माझ्याही मनात एकदा आले होते, 'म'वाचून एखादे प्रकरण लिहावे. दोन पाने लिहिली. 'मी' गेला, माय गेली, माती आणि मरण गेले, तरी पानावर कोणाला काही दुखेना. तेव्हा कागद फाडले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांना 'अनकॉपिराइटेबल'ची अक्षरे मोजायला लावली.