शंकाविष आणि रज्जुसर्प

विषाच्या निराधार भयाचा विचार निघाला की रज्जुसर्पाचा दृष्टान्त आपसूक पुढे येतो. गौडपादांच्या माण्डूक्यकारिकांत तो आहे, ज्ञानेश्वरीतही आहे. अंधारात दोर सर्प भासतो. दोराचा निश्चय होताच सर्प मावळतो. भय म्हणजे अज्ञान आणि ज्ञान म्हणजे भयमुक्ती, असे हे सुटसुटीत समीकरण आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २३वा अध्याय या समीकरणाला छेद देतो. अंधार तेथेही आहे. परंतु माणसाला काहीतरी प्रत्यक्ष टोचले आहे. कशाने, ते ठाऊक नाही. विषाच्या शंकेने त्याला ज्वर, वांती, दाह, मूर्च्छा, अतिसार होतात. संहिता यास 'शंकाविष' म्हणते. या समासात शंकाच विषाचे कार्य करते. सुश्रुतसंहितेतील 'सर्पांगाभिहत' ही संज्ञाही याच जातीची : सर्पाचा नुसता स्पर्श झालेल्या भित्र्या माणसाच्या अंगावर भयाने सूज येते.

दृष्टान्तातील चूक दृष्टीची आहे, संहितेतील चूक अर्थनिर्णयाची. जखम खरी, तिचा लावलेला अर्थ तेवढा चुकीचा, आणि त्या चुकीच्या अर्थाचा परिणाम पुन्हा खराच. म्हणून उपायही निराळा ठरतो. रोग्याचे म्हणणे खोडून काढावे, असे चरक सांगत नाही. साखर, द्राक्षे, ज्येष्ठमध, मध, मंत्रपूत जलाचे प्रोक्षण आणि त्यांच्या जोडीला सांत्वन व हर्षण, असा तो उपचार आहे. वैद्याने तो 'आश्वासयन्', म्हणजे धीर देत देत, करावयाचा आहे. या वर्तमानकालवाचक धातुसाधितामुळे आश्वासन चिकित्सेच्या क्रियेतच सामावले जाते.

हे भ्रमाला खतपाणी घालणे होय, असा आक्षेप यावर संभवतो. परंतु 'निराधार' हे विशेषण भयाला नेहमी मागाहून लागते. अंधारात झालेला दंश तपासणी होईपर्यंत सविष मानणे आजच्या वैद्यकालाही शहाणपणाचेच वाटते. शंका घेणारा माणूस मूर्ख नसतो. त्याचा निर्णय तेवढा अपुऱ्या पुराव्यावर झालेला असतो.

साहित्यविचाराला या भेदाचे मोल आहे. भ्रम उघडा पाडला की तो संपतो, या विश्वासावर उभी असलेली समीक्षा रज्जुसर्पाच्याच आवारात वावरते. एखाद्या संहितेतील भय निराधार आहे, हे दाखवून तिचे काम पुरे होते. ते भय वाचकाच्या देहामनात काय करून गेले आणि कोणत्या भाषेने ते शमेल, हे प्रश्न मात्र शंकाविषाची संकल्पनाच विचारू शकते.